240डीचा पंप खरंच गेला होता का? सोलापुरातल्या एका जुन्या मर्सिडीजचं प्रकरण

गाडी मर्सिडीज-बेंझ 240डी, डब्ल्यू123 मालिकेतली, 1982ची. इंजिन ओएम616: चार सिलिंडर, 2399 सीसी, 72 अश्वशक्ती, टर्बो नाही. डिझेल दाबाने सिलिंडरांकडे ढकलणारा बॉशचा इनलाइन पंप, त्यावर इंजिनाचा वेग आवरणारा मेकॅनिकल गव्हर्नर, चार गिअर हाताचे. आखातातून आलेली ही गाडी होटगी रोडवरच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी होती. डिसेंबरात ती पुन्हा रस्त्यावर काढायचं ठरलं आणि चार तक्रारी एकदम समोर आल्या. सकाळी 25-30 सेकंद सेल्फ मारल्याशिवाय इंजिन धरत नव्हतं, आणि धरलं की पांढऱ्या धुराने शेड भरायची. आयडलला एका सिलिंडरमधून हातोडीसारखा ठोका यायचा. चढावर मागे काळा धूर सुटायचा. आणि पंपाच्या माथ्यावर, पाइप जोडतात त्या भागात, डिझेलची ओल कायम असायची.

गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर निदानाला दोन मिनिटं लागली. "पंप गेलाय मालक, रिबिल्ट मागवा." त्याच संध्याकाळी मुंबईच्या एका विक्रेत्याला फोन झाला. रिबिल्ट पंप एक्सचेंजवर, म्हणजे जुना पंप परत देण्याच्या बोलीवर, आणि सोबत सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चार रिबिल्ट इंजेक्टर. इसारही पाठवला गेला.

या प्रकरणातली सगळी डोकेदुखी त्या फोनपासून सुरू होते. विक्रेता लबाड होता म्हणून नाही, तर काय बिघडलंय हे कळण्याआधी काय विकत घ्यायचं हे ठरलं म्हणून.

ऑर्डर आधी, तपासणी नंतर

माल यायला आठवडा होता. तेवढ्यात दुसऱ्या फिटरने जी तपासणी केली, ती खरं तर फोनच्या आधी व्हायला हवी होती. तिला मल्टिमीटर, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, 17चा पाना आणि टाल्कम पावडरचा एक डबा एवढंच लागलं.

आधी हीटर प्लग, थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे. 1982च्या गाडीला पेन्सिलसारखे प्लग येतात आणि ते समांतर जोडलेले असतात, म्हणजे एक मेला तरी बाकीचे तापतात. त्याआधीच्या वळी-तारेच्या प्लगची माळ असायची, त्यात एक तुटला की चारही गार. वायर सोडवून प्लगचं टोक आणि इंजिन बॉडी यांच्यात मोजलं तर चांगला प्लग 1 ओहमच्या आत दाखवतो. 1 आणि 3 नंबरने दाखवलं, 2 आणि 4 नंबरचं सर्किट उघडं. अर्धं इंजिन थंडच सुरू करायचा प्रयत्न चालला होता.

मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट. थंड इंजिनवर इनटेक 0.10 मिमी आणि एक्झॉस्ट 0.30 मिमी हवा. दोन एक्झॉस्ट 0.15वर आले होते. टॅपेट ढिला असला तर आवाज करतो म्हणून सगळ्यांचं लक्ष जातं. घट्ट झालेला गप्प बसतो, आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटू न दिल्यामुळे थंडीत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, खातो. क्लिअरन्स लावून, इंजिन गरम करून कॉम्प्रेशन घेतलं: 23, 22, 21.5, 22.5 बार. या इंजिनात 22 ते 24 चांगलं समजतात, 15च्या खाली गेलं की ओव्हरहॉलची भाषा सुरू होते, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक 3 बारच्या आत हवा. म्हणजे इंजिनाची तब्येत ठणठणीत होती. कॉम्प्रेशन न बघता इंजेक्शनच्या भागांवर खर्च करणं म्हणजे भिंतीला ओल असताना रंग देणं.

ठोका शोधायची रीत जुनी आणि बिनखर्चाची आहे. आयडलवर इंजेक्टरच्या बाजूचा पाइप नट एकेक करून अर्धा फेरा ढिला करायचा. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर इंजिन अडखळतं तो काम करतोय. ज्याचं तोडल्यावर ठोका थांबतो तो गुन्हेगार. इथे 3 नंबरचा नट सैल झाला आणि हातोडी बंद झाली. हे करताना हातमोजे, चष्मा आणि नटवर फडकं हवंच. या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं, वर सुईएवढंच भोक दिसतं आणि आत विष पसरतं. असं झालं तर जखम लहान दिसते म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना.

आता पंपाची ओल, जिच्यावरून सगळं रामायण झालं. पंपाचा माथा ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा केला, वर टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन पाच मिनिटं चालवलं. पांढऱ्या पावडरीवर ओल कुठून उगवते हे डोळ्यांनी दिसतं. 1 आणि 2 नंबरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डरच्या, म्हणजे पाइप ज्यावर बसतो त्या पंपाच्या माथ्यावरच्या तुकड्याच्या, बुडाशी राखाडी कडं उमटलं. पाइप नटला ओल नाही, पंपाच्या कुशीला नाही, गव्हर्नरच्या सांध्याला नाही. म्हणजे होल्डरखालची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. सहा वर्षं उभ्या गाडीत रबराचं हेच होतं. नव्या ओ-रिंगचा खर्च पंपाच्या सौद्याच्या पासंगालाही पुरत नाही.

पंप खरंच गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात. रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण कमी-जास्त करणारी पंपातली पट्टी, अडकतो, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढत जाते आणि तेलाला डिझेलचा वास येतो. हा पंप इंजिनच्याच तेलावर पोसला जातो, त्यामुळे झिजलेल्या एलिमेंटमधून, म्हणजे पंपातल्या दट्ट्या-नळीच्या (प्लंजर-बॅरल) जोडीतून, झिरपलेलं डिझेल थेट इंजिनाच्या तेलाच्या तळटाकीत (सम्प) उतरतं. नाहीतर इंजेक्टर ठीक असूनही एखाद्या सिलिंडरला डिझेल कमी पोचतं. या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

पाटी, रिव्हेट आणि "टेस्टेड ओके"

तरी इसार गेलेला होता, आणि "आता मागवलाच आहे तर घेऊन ठेवू" हा मोह मालकाला होताच. विक्रेत्याने फोटो पाठवले आणि तिथे पुढचा धडा मिळाला.

बॉशच्या पंपावर कुशीला एक पाटी असते. तिच्यावरचा "पीईएस 4 एम 55 सी 320 आरएस..." हा मजकूर म्हणजे पंपाची जन्मपत्रिका. पी म्हणजे पंप, ई म्हणजे कॅमशाफ्ट पंपाच्या पोटातलाच, एस म्हणजे पुढच्या फ्लँजवर बसणारा, 4 सिलिंडर, एम हा आकार, आणि 55 म्हणजे प्लंजरचा व्यास 5.5 मिमी. आरएसनंतरचा आकडा कोणत्या गाडीसाठी जुळणी केली ते सांगतो. खरी भानगड तिथेच असते. गव्हर्नरचं नाव वेगळं कोरलेलं असतं आणि तेही जुळावं लागतं.

पहिल्या फोटोतल्या पंपाच्या मागच्या बाजूला गोल झाकण होतं आणि त्याला व्हॅक्युम पाइपचं बोंड होतं. म्हणजे न्यूमॅटिक गव्हर्नर. जुन्या 240डींना तो येत असे. त्याच्या जोडीला इनटेकमध्ये थ्रॉटल असतो, आणि थ्रॉटलमुळे तयार होणारा व्हॅक्युम डायफ्रामला ओढून रॅक मागे घेतो. या गाडीच्या इनटेकमध्ये असा थ्रॉटल नाही. व्हॅक्युम नाही म्हणजे रॅक पूर्ण पुढे, म्हणजे फुल डिझेल. तो पंप बसवून सेल्फ मारला असता तर इंजिन सुटलं असतं आणि किल्ली बंद करूनही थांबलं नसतं. "सगळ्यांना बसतो ओ" असं उत्तर आलं. बसतो हे खरंच होतं, फ्लँजची भोकं जुळतात. पण भोकं जुळणं आणि पंप जुळणं या दोन गोष्टी आहेत.

दुसऱ्या पंपाचा गव्हर्नर बरोबर होता. फोटो मोठा करून पाहिल्यावर मात्र पाटीच्या रिव्हेट नव्या-चकचकीत, भोवतीचा रंगही ताजा, आणि फुल-लोड स्क्रूवर शिशाचं सील नाही. पाटी बदलणं ही काही दुर्मिळ कला नाही. टेस्ट रिपोर्ट मागितल्यावर लेटरहेडवर एक ओळ आली: "टेस्टेड ओके".

रिबिल्ट या शब्दाला स्वतःचा अर्थ नाही. कुणी धुऊन, रंग मारून, नवे सील टाकून त्याला रिबिल्ट म्हणतो, कुणी चारही एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, बेअरिंग, फीड पंपाचे व्हॉल्व्ह बदलून बेंचवर जुळवलेल्याला. दोघांच्या बिलावर शब्द तोच. म्हणून बोली लेखी करायची. काय काय नवं टाकलं त्याची यादी, पंपाच्या नंबरसाठी असलेल्या टेस्ट शीटप्रमाणे किमान तीन वेगवेगळ्या आरपीएमवर प्रत्येक एलिमेंटने 1000 स्ट्रोकला किती सीसी डिझेल दिलं त्याचे आकडे, गव्हर्नर कुठे कापतो तो आरपीएम, सील लावल्याचा फोटो. गॅरंटी बिलाच्या तारखेपासून नाही, बसवल्यापासून. जुन्या गाडीचं काम तीन महिने लांबणं नेहमीचंच आहे. आणि स्वतःचा जुना पंप नवा पंप गाडीवर महिनाभर चालल्याशिवाय हातचा सोडायचा नाही, मग त्यासाठी डिपॉझिट जास्त भरावं लागलं तरी चालेल. जुळत्या नंबरचा मूळ पंप एकदा भट्टीच्या मार्गाला लागला की परत मिळत नाही.

सोलापुरात यावर आणखी एक सल्ला हमखास मिळतो: "ट्रॅक्सचा पंप टाका की." सल्ला हवेतला नाही. ओएम616 हेच इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, परवान्यावर इथे बनवलं आणि ट्रॅव्हलर-ट्रॅक्समध्ये टाकलं. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याच्या वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, ट्रॅक्सच धावल्या. त्यामुळे इथल्या पंप-नोझलवाल्यांचा या इंजिनावर हात बसलेला आहे, आणि मर्सिडीजवाल्यांनी त्याचा फायदा घ्यायलाच हवा. पण घराणं एक असलं तरी पंपाचं भरण, म्हणजे डिझेलचं प्रमाण, आणि गव्हर्नर त्या-त्या गाडीच्या वजनासाठी, गिअरसाठी बांधलेले असतात. पाटी आणि टेस्ट शीट जुळत नसेल तर तो पंप या गाडीचा नाही. कारागीर घ्या, पंप नको.

पंपाचा सौदा रद्द झाला. इसारातले थोडे पैसे "पॅकिंग-हमाली" म्हणून कापले गेले.

इंजेक्टर आले

इंजेक्टर मात्र निघून चुकले होते. चार नग, चांदीचा रंग मारलेले, प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पाइपच्या तोंडाला टोपण नाही. एवढ्यावरच भुवई वर जायला हवी. नोझल, म्हणजे इंजेक्टरचं फवारणारं टोक, त्यातली सुई आणि बॉडी यांच्यातलं अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि वर्तमानपत्राचा तंतू त्याहून जाड असतो.

हैदराबाद रोडकडच्या एका पंप-नोझलच्या दुकानात ते टेस्टरवर चढवले. टेस्टर म्हणजे एक हातपंप, एक घड्याळ आणि तेलाची डबी, बस्स. तेल कॅलिब्रेशनचं, डिझेल नव्हे. इंजेक्टर तोंड खाली करून लावायचा, खाली काचेचं भांडं, आणि दांडा सेकंदाला एकदा दाबायचा. कारागीर घड्याळाकडे कमी बघतो, आवाज जास्त ऐकतो. चांगलं नोझल प्रत्येक दाबाला "कर्रर्र" करतं, कारण सुई सेकंदात अनेकदा उघडमिट करते, आणि धूर सुटावा तसा बारीक, सरळ फवारा पडतो. खराब नोझल "फुस्स" करून धार सोडतं. मग दाब उघडण्याच्या आकड्याच्या सुमारे 20 बार खाली आणून 10 सेकंद धरतात. टोक ओलसर झालं तर चालतं, थेंब पडला तर नोझल बाद.

आलेल्या चारही नगांचा फवारा सुंदर होता, थेंब एकाचाही नाही. पण घड्याळ 138, 141, 136, 143 बार दाखवत होतं. टर्बो नसलेल्या ओएम616ला नव्या नोझलवर 115 ते 125 बार हवेत, आणि चार इंजेक्टरमधला फरक 5 बारच्या आत. कारागिराने एक नट उघडून नोझलच्या अंगावरचं कोरीव काम भिंगाखाली धरलं: डीएन0एसडी 261. हे पाच सिलिंडरच्या टर्बो 300डीचं नोझल. या गाडीला डीएन0एसडी 240 लागतं. त्या नावातलं 0 फवाऱ्याचा कोन सांगतं, आणि शेवटचा आकडा नोझलचा नेमका प्रकार. बाहेरून दोन्ही भाऊ-भाऊच दिसतात.

म्हणजे विक्रेत्याने काम वाईट केलं नव्हतं. काम चांगलं होतं, गाडी दुसरी होती. तसेच बसवले असते तर गाडी चाललीही असती. दाब जास्त असल्यामुळे नोझल उशिरा उघडलं असतं, भरण बदललं असतं, थंडीत सुरू होण्याची तक्रार वाढली असती, आणि मग सगळ्यांनी मिळून पुन्हा पंपालाच शिव्या दिल्या असत्या.

गाडीतले मूळ इंजेक्टर टेस्टरवर लावले तर 104, 101, 78, 103. वापरलेल्या नोझलला 100पर्यंत चालवून घेतात. 3 नंबर 78वर उघडत होता आणि धारेनंतर टिपकत होता. ठोक्याचा पत्ता पुन्हा तोच निघाला. काळा धूरही बराचसा त्याचाच.

निर्णय सोपा झाला. मूळ चार बॉडी ठेवायच्या, चार नवी 240 नोझल घ्यायची आणि दाब इथेच लावून घ्यायचा. मायको 2008मध्ये बॉश लिमिटेड झाली तरी सोलापूरच्या काउंटरवर नोझल अजून "मायकोचं"च मागितलं जातं. ते घेताना डबी बघायची नाही, आतला माल बघायचा: गंजरोधक तेलात बुडालेला, कोरीव अक्षरं बारीक आणि सरळ. सुई एक तृतीयांश बाहेर ओढून सोडली की स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेली पाहिजे. अडकली तर परत.

बॉडीचे दोन भाग उघडून डिझेलमध्ये भिजवले, कार्बन पितळी ब्रशने काढला. सपाट तोंडं काचेच्या जाड तावावर बारीक लॅपिंग पेस्ट टाकून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवली. एमरी पेपर इथे वर्ज्य, कडा गोल होतात. जोडताना दोन भाग 70 ते 80 न्यूटन-मीटरला आवळले. दाब स्प्रिंगखालच्या स्टीलच्या चकतीने लावतात. चकती 0.05 मिमीने जाड केली की दाब साधारण 3 बार वाढतो. एक इंजेक्टर 111वर उघडत होता, त्याला 0.15 मिमी जास्त जाड चकती टाकल्यावर तो 120वर आला. शेवटचे आकडे 118, 121, 119, 120. हे चार आकडे बिलाच्या मागे लिहून घेतले, कोणत्या बॉडीला कोणता ते खिळ्याने खूण करून.

ओ-रिंग बदलताना टायमिंग

पंप गाडीवरून उतरवलाच नाही. डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर काढायला 33 दातांचा स्प्लाइन सॉकेट लागतो. पाइप पाना लावून फिरवायचा विचारही नको, दात गेले की होल्डर गेला. आधी पंपाचा माथा धुऊन वाऱ्याने साफ केला आणि शेडचं दार लावलं. सोलापूरची धूळ उघड्या एलिमेंटवर बसली तर महिन्याभरात खरंच रिबिल्ट पंप घ्यावा लागेल. एका वेळी एकच होल्डर उघडायचा. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट जोडीने घासलेले असतात, 1 नंबरचा व्हॉल्व्ह 2 नंबरच्या सीटवर बसवला तर बेंचवर जुळवलेलं सगळं वाया. नवी ओ-रिंग, नवं सील वॉशर, आणि आवळणं तीन पायऱ्यांत: 30 न्यूटन-मीटर, सैल करा, परत 30, सैल करा, मग 35. "थोडं अजून" नाही. जास्त आवळलं की एलिमेंटची बॅरल मुरडते आणि प्लंजर आत घासायला लागतो. गळती थांबवताना पंप मारायचा हा सर्वात सोपा मार्ग.

1 नंबर उघडलाच होता, म्हणून टायमिंगही, म्हणजे पंप डिझेल नेमकं कधी देतो तेही, बघून घेतलं. त्याचा व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बाजूला काढून होल्डर परत लावला, वर वाकडी ठिबक नळी जोडली. रेसचा लिव्हर पूर्ण लोडवर बांधला. 1 नंबरच्या कॅमची टोकं वर आहेत, म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोक आहे, याची खात्री केली. एकाने हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप, दाबत राहायचं, दुसऱ्याने 27च्या सॉकेटने क्रँक चालायच्या दिशेने हळूहळू फिरवायचा. नळीतून आधी धार पडते, मग ती तुटून थेंब होतात. सेकंदाला एक थेंब आला की थांबायचं आणि पुलीवरचा आकडा वाचायचा. पिस्टन माथ्यावर येण्याआधी 24 अंश हवं, इथे 21.5 आलं. खूण ओलांडली गेली तर क्रँक उलटा फिरवू नये, चेनचा ढिलेपणा आकड्यात मिसळतो. पूर्ण दोन फेरे मारून परत यावं.

अडीच अंश उशीर म्हणजे थंडीत पांढरा धूर. कॅमची खूणही 3 अंश मागे होती. चेन थोडी लांबलीय, पण एवढ्यावर बदलायची गरज नाही. पुढचे नट आणि मागचा ब्रॅकेट सैल करून पंपाचा माथा इंजिनाकडे झुकवला की टायमिंग पुढे येतं. दोन प्रयत्नांत 24 साधलं.

बसवणी आणि फुसफुस

नवी नोझल लावण्याआधी टाकी रिकामी केली. सहा वर्षांच्या डिझेलच्या तळाशी तपकिरी चिखल होता आणि टाकीतली जाळी अर्धी बुजलेली. बारीक आणि मोठा दोन्ही फिल्टर नवे. यात टाळाटाळ केली असती तर चार नोझलचं आयुष्य तुळजापूरपर्यंतही पुरलं नसतं.

इंजेक्टर 70 ते 80 न्यूटन-मीटरला, पाइप नट 25ला. रिटर्नच्या कापडी विणीच्या नळ्या, आतून 3.2 मिमीच्या, सगळ्या बदलल्या आणि शेवटच्या इंजेक्टरवरचं बंद टोपणही. ते टोपण विसरलं की तिथून डिझेल गळतं किंवा हवा शिरते. हँड प्रायमर मारून पंपाची हवा काढली, इंजेक्टरकडचे नट अर्धा फेरा सैल ठेवून सेल्फ मारला, डिझेल आलं तसे एकेक आवळले. इंजिन तिसऱ्या सेकंदाला धरलं.

आणि 2 नंबरच्या बुडातून "फुस-फुस-फुस" सुरू झालं, सोबत काळ्या साबणासारखा फेस. लगेच कुणीतरी नोझलला बोल लावला. इंजेक्टर काढून आत टॉर्च मारला तर इंजेक्टरच्या भोकाच्या तळाशी जुनं हीट वॉशर कार्बनमध्ये चिकटून बसलेलं, आणि त्याच्यावर नवं. एकावर एक दोन. उष्णतेपासून नोझल वाचवणारं हे पातळ वॉशर एकदाच वापरायचं असतं, आणि इंजेक्टर काढताना ते अनेकदा सोबत येत नाही. चार इंजेक्टर काढले तर चार जुनी वॉशर बाकावर मोजून ठेवायची. इथे तीनच होती, कुणी मोजली नव्हती. वाकवलेल्या तारेने ते उचकटलं, नव्याची दिशा जुन्याप्रमाणे ठेवून इंजेक्टर परत आवळला. फुसफुस गेली.

दोन हीटर प्लग नवे टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, 14 अंशाच्या थंडीत, प्लगचा दिवा विझल्यावर दोन सेकंदांत इंजिन सुरू झालं. पांढरा धूर अर्धा मिनिट राहिला, ठोका नाही. चाचणी तुळजापूर रस्त्यावर घेतली, कारण सपाटीवर सगळ्याच डिझेल गाड्या चांगल्या वाटतात. घाटात तिसऱ्या गिअरवर फुल रेस दिली तेव्हा आरशात हलकी राखाडी छटा दिसली, पूर्वीचा काळा पडदा नाही. पीयूसीला या वयाच्या डिझेलसाठी 65 एचएसयूची (धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादा आहे, आकडा 41 आला.

300 किलोमीटरनंतर पाइप नट आणि होल्डरचे बूड पुन्हा पावडर टाकून पाहिले. पंप कोरडा होता. 3 नंबरच्या रिटर्न नळीच्या टोकाला ओल दिसली. नळी एक सेंटिमीटर आखूड कापली गेली होती, तेवढी बदलली. टर्बोची चार इंजेक्टरं विक्रेत्याने "उघडलेला माल" म्हणून परत घेतली नाहीत. ती तेल लावून, टोपणं घालून, "261, टर्बो, 136 ते 143" अशी चिठ्ठी बांधून ठेवली आहेत. हैदराबादच्या एका 300डीवाल्याने त्यांची चौकशी केली आहे, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला तो नोझलवर काय कोरलंय हा.